सेलिब्रंटकडून लग्न, तेही अंतरपाट धरून : मेलबर्नकर, जरा सांगा

मुग्धा_मेलबर्न

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत माझं लग्न ठरलंय. मुलगा इथलाच, मेलबर्नचा. त्याचे आजी-आजोबा साठच्या दशकात ग्रीसहून आले. देऊळ नको आणि चर्चही नको, यावर आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत आहे, म्हणून सिव्हिल सेलिब्रंट (धार्मिक विधीशिवाय कायदेशीर लग्न लावायचा अधिकार असलेली व्यक्ती) ठरवली. डँडेनाँगच्या डोंगरात एक बाग घेतली आहे, वेळ दुपारी चारची, साठ-सत्तर माणसं.

आता खरी गंमत. आईला अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, होम सगळं हवंय. (कन्यादान मला नकोय, ते मी सांगून टाकलंय.) त्याच्या आजीला, तिला सगळे यायिया म्हणतात, स्टेफाना हवीत. म्हणजे फितीने जोडलेले दोन मुकुट, ते नवरा-नवरीच्या डोक्यावर तीनदा अदलाबदल करून ठेवतात. सेलिब्रंट म्हणते, तुम्हाला हवं ते घाला, माझी चार वाक्यं तेवढी मला बोलू द्या.

विचारायचंय ते असं: क्रम कसा लावायचा? मंगलाष्टकं म्हणणार कोण? आणि पुण्याहून मामांचा आग्रह आहे की डिसेंबरात आधी पुण्यात गुरुजींकडून 'खरं' लग्न उरकून घ्या, मग तिकडे काय हवं ते करा. तसं केलं तर चालेल का?

वरणभात

अभिनंदन! कन्यादान नको म्हटल्यावर आई काय म्हणाली ते आधी लिही. बाकीचं आपण नंतर बघू.

पर्थचा_पोपट

मुग्धा, अभिनंदन. आमचं लग्न इथे सेलिब्रंटनेच लावलं, त्यामुळे कागदाचं आधी सांगतो. अंतरपाटाचं इतर लोक सांगतीलच.

लग्नाच्या इराद्याची नोटीस सेलिब्रंटच्या हातात किमान एक महिना आधी पडली पाहिजे. अठरा महिन्यांपेक्षा जुनी नोटीसही चालत नाही. महिन्यापेक्षा कमी वेळ उरला असेल तर सेलिब्रंट स्वतः सूट देऊ शकत नाही, त्यासाठी वेगळा अधिकारी असतो आणि कारणंही ठरलेली असतात: नोकरी-प्रवास, आजारपण, कोर्टाचं काम वगैरे. 'मामांना तिकीट त्याच आठवड्याचं मिळालं' हे कितपत चालेल ते त्या अधिकाऱ्यावर! जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, त्यामुळे महापालिकेच्या जन्मदाखल्यावर 'बेबी ऑफ सुनंदा' असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नकोस. मात्र नोटिशीवर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, मग कुठे ते आहे, कुठे नाही, आणि पुढे व्हिसाच्या अर्जात ते निस्तरत बसावं लागतं.

समारंभात कायद्याला खरोखर लागतं ते फार थोडं. सेलिब्रंटने मी अधिकृत आहे असं सांगायचं आणि ऑस्ट्रेलियन कायद्याप्रमाणे विवाह म्हणजे काय ते वाचायचं. मग तुम्ही दोघांनी, 'इथे जमलेल्या लोकांना साक्षी ठेवून मी अमुक हिचा किंवा ह्याचा विधिवत पत्नी किंवा पती म्हणून स्वीकार करते' अशा अर्थाचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. मग सह्या. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार. बाकी मंगळसूत्र, स्टेफाना, बँड, कुत्र्याच्या तोंडून अंगठ्या, काहीही.

एक नवीन गोष्ट. २०२४ पासून सेलिब्रंटला दोघांना लग्नाआधी वेगवेगळं, समोरासमोर भेटावं लागतं, संमती खरोखरची आहे ना हे बघायला. माझ्या मेव्हणीच्या वेळी हे झालं. होणाऱ्या नवऱ्याला दहा मिनिटं बाहेर बाकावर बसवलं, तर तो घामाघूम. आत ही काय सांगतेय!

अण्णा_सातारकर

सगळं वाचलं. राग मानू नका, पण चार वाक्यं आणि दोन सह्या याला लग्न म्हणायचं? ग्रामपंचायतीच्या नळजोडणीला याहून जास्त कागद लागतात. संस्कार नावाची काही गोष्ट असते. मामा बरोबर सांगतायत. आधी पुण्यात विधिवत लग्न करा, मग तिकडे त्या बाईंकडून सही-शिक्का घ्या.

टोणगा

अण्णा, नळजोडणीला कागद जास्त लागतात कारण नळाला पाणी येणार नसतं. :)

रानवारा

अण्णा, पुरोहित नाही म्हणजे संस्कार नाही, हे महाराष्ट्रात तरी नका हो म्हणू. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला सप्टेंबर १८७३ मध्ये, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, मंत्र नाहीत. वधूवरांनी लोकांसमोर एकमेकांना वचनं दिली. जोतीरावांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टकंही रचली, आणि त्यात नवरी नवऱ्याकडे हक्क मागते. आमच्या घरात तीन पिढ्या लग्नं अशीच लागली. अंतरपाट होता, अक्षता होत्या, जेवणावळी होत्या, रुसवेफुगवेही होते. संस्कारात काही कमी पडल्याचं कोणी म्हटलं नाही, जिलबी कमी पडल्याचं मात्र म्हटलं.

मुग्धाला तर हा नमुना आयताच मिळालाय. लोकांना साक्षी ठेवून, समजेल अशा भाषेत दिलेलं वचन. तिच्या सेलिब्रंटची चार वाक्यं म्हणजे तेच की.

टोणगा

गंमत बघा. ऑस्ट्रेलियात सिव्हिल सेलिब्रंट नेमायला सुरुवात झाली १९७३ साली, लायोनेल मर्फी ॲटर्नी जनरल असताना. त्याआधी चर्च नाहीतर नोंदणी कचेरी, तिसरा पर्याय नाही. म्हणजे जोतीरावांनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आज तिथे दहातली आठ लग्नं सिव्हिल सेलिब्रंट लावतात. आपण पेटंट घ्यायला विसरलो.

वकिलीणबाई

अण्णांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण कायद्याच्या बाजूने तो गोत्यात आणणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्यात गुरुजींनी होम, सप्तपदी करून लग्न लावलं की हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे ते लग्न झालं. नोंदणी केली नसली तरीही. पुष्कळांची समजूत असते की नोंदणी झाली नाही म्हणजे 'अजून काही नाही'. उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. कायदा विधींकडे बघतो, कागद हा त्याचा पुरावा.

आणि जे लग्न भारतात कायदेशीर आहे, ते काही अपवाद सोडले तर ऑस्ट्रेलियाही मानतं. मग तुम्ही फेब्रुवारीत सेलिब्रंटसमोर उभं राहून 'आमचं लग्न झालेलं नाही' अशा घोषणेवर सही कशी करणार? तिथल्या १९६१ च्या विवाह कायद्याप्रमाणे आधीच एकमेकांशी विवाहित असलेल्या जोडप्याचं पुन्हा कायदेशीर लग्न लावता येत नाही. सेलिब्रंट फार तर नुसता समारंभ करेल, त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही. माझ्याकडे अशी जोडपी येतात ज्यांच्याकडे दोन देशांची, दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं आहेत. व्हिसाच्या अर्जात एक तारीख, बँकेत दुसरी. मग सासरे फोन करतात, 'मॅडम, यातलं खरं कोणतं?'

तेव्हा एक लग्न कायद्याचं, बाकी सगळे सोहळे. कुठलं कायद्याचं ते आधी ठरवा, आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर तीच तारीख लिहा.

वरणभात

म्हणजे आमच्या ओळखीतले ते 'आधी कोर्टात, मग कार्यालयात, मग रिसॉर्टवर' वाले?

वकिलीणबाई

ते चालतं. कोर्टात म्हणजे विवाह अधिकाऱ्यासमोर एकदा लग्न झालं की कार्यालय आणि रिसॉर्ट म्हणजे जेवण.

कच्चा_लिंबू

वकिलीणबाई, एक मुद्दा राहिला. हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. मुग्धाचा होणारा नवरा ग्रीक ऑर्थोडॉक्स घरातला आहे. पुण्यात गुरुजींनी कितीही साग्रसंगीत केलं तरी त्या कायद्याखाली ते लग्नच नाही. त्या दोघांना भारतात कायदेशीर करायचं तर विशेष विवाह कायदा १९५४. तीस दिवसांची नोटीस, दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस मुक्काम, ती नोटीस कचेरीत लागणार, आणि तीन साक्षीदार. डिसेंबरच्या सुट्टीत हे बसत नाही.

वकिलीणबाई

बरोबर, मी दोघे हिंदू असलेल्या जोडप्यांबद्दल लिहिलं. मुग्धाच्या बाबतीत पुण्यातला सोहळा कायद्याने लग्न ठरत नाही. तरीही तिने आधी मेलबर्न करावं असंच मी म्हणेन. लग्नाचे दोनशे फोटो, 'शुभविवाह' छापलेली पत्रिका, डिसेंबरची तारीख, आणि जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज करायचा झाला तर त्यात लग्न फेब्रुवारीत! अधिकाऱ्याने विचारलं तर खुलासा देता येतो, पण कशाला ओढवून घ्यायचं? मेलबर्ननंतर पुण्यात हवी तेवढी मंगलाष्टकं म्हणा.

योगायोग बघा, विशेष विवाह कायद्यातही शेवटी तेच वाक्य आहे: मी तुझा कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकार करतो. आणि ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येतं. आपल्याकडे टेबलापलीकडचे साहेब ते इतक्या घाईत म्हणवून घेतात की लग्न लागलं कधी ते कळतच नाही.

नीरजा_लंडन

ऑस्ट्रेलियावाल्यांनो, तुम्ही नशीबवान आहात. आमच्याकडे इंग्लंडमध्ये सिव्हिल लग्नात धार्मिक विधी चालत नाहीत. रजिस्ट्रार येतो, आणि तुम्ही काय वाचणार, कुठली गाणी लावणार ते आधी विचारतो. संस्कृत मंगलाष्टकांच्या भाषांतरात पहिल्याच ओळीत गणपती निघाला तर झालं. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी शेवटी रजिस्ट्रारचा भाग आटोपला, त्या बाई गाडीत बसून गेल्या, आणि मग अंतरपाट बाहेर काढला.

सेलिब्रंट आमच्याकडेही मिळतात, समारंभ सुंदर करतात, पण इंग्लंडात त्यांनी लावलेल्या लग्नाला कायद्याने किंमत नाही. आधी नोंदणी कचेरीत जाऊन यावंच लागतं. स्कॉटलंडमध्ये मात्र मानवतावादी सेलिब्रंटनी लावलेली लग्नं २००५ पासून कायदेशीर आहेत. सीमा ओलांडली की कायदा बदलला.

म्हापशेकर

आमच्या गोव्यात तर नोंदणीशिवाय लग्नच नाही, हिंदू असो वा ख्रिस्ती. पोर्तुगिजांचा दिवाणी कायदा अजून आहे. पहिल्यांदा जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, मग काही दिवसांनी दुसऱ्यांदा जाऊन पक्कं करायचं. लोक पहिल्या सहीनंतरच पेढे वाटतात, आणि दुसरी सही राहिली म्हणून पुढे भानगडी होतात. मालमत्ता निम्मी-निम्मी नको असेल तर तसा करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे नवरीचा बाप पत्रिकेच्या आधी नोटरीकडे जातो. :)

अण्णा_सातारकर

कायद्याचं पटलं. वकिलीणबाई म्हणतात ते मामांनाही सांगा. पण माझा मुद्दा कायद्याचा नव्हता. मेलबर्नला सगळं झाल्यावर पुण्यात गुरुजींकडून जे होईल ते फक्त 'जेवण' का म्हणायचं? आमच्यासारख्यांना तेच लग्न.

वकिलीणबाई

जेवण मी रिसॉर्टवाल्यांना म्हटलं, अण्णा. पुण्याच्या पंगतीला मी पण येईन.

कोकणकन्या

मुग्धा, एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाहीये. फेब्रुवारी. डँडेनाँग. होम.

तुला माहीतच असेल, व्हिक्टोरियात उन्हाळ्यात टोटल फायर बॅन जाहीर होतो. त्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवायचा नाही म्हणजे नाही, आणि बॅन आहे की नाही ते बहुतेक आदल्या दिवशी दुपारनंतर कळतं. डोंगर म्हणजे सगळे निलगिरीचे, वणव्याचा भाग. आमच्या ओळखीत एकांनी पितळी होमकुंड भारतातून विमानाने आणवलं, आणि लग्नाच्या दिवशी तापमान चाळिशीत. कुंडात झेंडूची फुलं ठेवली. बागवाले तर बॅन नसतानाही उघडी ज्योत चालू देतीलच असं नाही, करारात बघ. समईसुद्धा विचारून घे.

हॉलमध्ये करायचं म्हटलं तर धुराची घंटा. होमाच्या धुराने ती वाजली की अग्निशमन दलाचा बंब येतो आणि त्याचं बिल येतं. घंटा तेवढा वेळ बंद ठेवता येते का हे हॉलवाल्यांना लेखी विचारायचं. 'चालेल हो' असं तोंडी ऐकून भरवसा ठेवायचा नाही.

पर्थचा_पोपट

+१. पर्थलाही तेच. आणि अक्षतांचंही विचार. बऱ्याच बागांत तांदूळ उधळू देत नाहीत, कागदी चकत्या तर नाहीतच. फुलांच्या पाकळ्या चालतात, त्याही कधी कधी फक्त ताज्या.

अण्णा_सातारकर

अग्नीशिवाय सप्तपदी? कायद्यातही 'अग्नीसमोर सात पावलं' असंच आहे ना?

याज्ञिक_काका

मी हौशी भिक्षुक, बँकेतून निवृत्त. थोडं सांगतो.

हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख अग्नीसमोरची म्हणूनच आहे, अण्णा बरोबर आहेत. पण मुग्धाचं लग्न त्या कायद्याखाली होतच नाहीये, हे वर ठरलं. तेव्हा राहिला प्रश्न रीतीचा. आपल्याकडे सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीच्या फेऱ्या नव्हेत. त्या हिंदी मालिकांमुळे घुसल्या. आपल्यात तांदळाच्या सात छोट्या राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर पाऊल ठेवत पुढे जाते. प्रत्येक पावलाला एक मागणं: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं सख्य. सातव्या पावलाला 'सखा हो' म्हणतात, हे मला सगळ्या विवाहविधीत सर्वांत आवडतं.

हे सगळं उघड्या बागेत, अग्नी नसताना, पाटावर मांडलेल्या तांदळावर करता येईल. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी लहानसा होम करा, म्हणजे आईचंही समाधान होईल. तोही घराच्या आत, खिडक्या उघडून, घंटेचा अंदाज घेऊन.

सात पावलांचे अर्थ इंग्रजी आणि ग्रीकमध्ये छापून घ्या. एकेक पाऊल एकेका नातेवाइकाने वाचायचं. यायियांना सातवं द्या.

निशिगंध

याज्ञिक काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मुलाच्या लग्नात आम्ही असंच केलं होतं.

मुलाने आणि त्याच्या जोडीदाराने ब्रिस्बेनला लग्न केलं. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये समलिंगी लग्नांसाठी कायदा बदलला, म्हणून शक्य झालं. भारतात २०२३ मध्ये न्यायालयाने हा विषय संसदेवर सोडला. आमच्या शहरातल्या एका गुरुजींना विचारलं तर त्यांनी फोनच ठेवला. सेलिब्रंट बाईंनी मात्र तासभर बसून मला विचारलं, तुमच्याकडे लग्नात आई काय करते? मी सांगितलं, सूनमुख बघते. तर म्हणाल्या, मग तेही करूया, जावईमुख म्हणू. आरशात मुलाच्या शेजारी त्या पोराचा चेहरा दिसला. मी साखर भरवली. ह्यांनी सात पावलांची मराठी वाक्यं वाचली, चौथ्याला आवाज गेला, मग दिराने पुढचं वाचलं.

मुग्धा, आईला मांडवात काहीतरी काम दे. कन्यादान वगळलंस तर तिच्या हातात दुसरं काही हवं. नाहीतर ती दिवसभर जेवणाचं बघत फिरेल.

वरणभात

निशिगंधताई, <3

मुग्धा, बघ, माझा पहिला प्रश्न इतका वाईट नव्हता.

रवी_गोंदिया_सिडनी

दुसऱ्या लग्नाचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी. माझा घटस्फोट भारतात झाला, हुकूमनामा मराठीत. सेलिब्रंटला तो दाखवावाच लागतो. प्रमाणित प्रत आणायला भाऊ कोर्टात खेटे घालत होता, मग नाटीची (अनुवादकांना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असलेल्या अनुवादकाकडून इंग्रजी करून घेतला. अपिलाची मुदत संपली आहे ना हेही बघून घ्या. ऑस्ट्रेलियातच घटस्फोट झाला असेल तर आदेश एक महिना आणि एक दिवसाने लागू होतो. नोटीस आधी देऊन ठेवता येते, लग्न मात्र त्यानंतरच.

जोडीदार वारला असेल तर मृत्युदाखला. आमच्या मंडळातल्या एका काकांनी साठी उलटल्यावर लग्न केलं, सोबतीसाठी. दोघांची मुलं साक्षीदार. समारंभ दहा मिनिटांत आटोपला, आणि गप्पा रात्री अकरापर्यंत.

कच्चा_लिंबू

मराठीत शपथ घेता येते का तिथे? कोणी घेतली आहे का?

पर्थचा_पोपट

आम्ही इंग्रजी आणि मराठी दोन्ही म्हटली. कायद्याचं वाक्य इंग्रजीत, लगेच त्याखाली मराठीत. फक्त मराठीत म्हणायचं असेल तर सेलिब्रंट दुभाषी मागू शकते. दुभाष्याला समारंभाआधी लेखी प्रतिज्ञा द्यावी लागते आणि नंतर 'नीट भाषांतर केलं' असं प्रमाणपत्र. नवरा किंवा नवरी स्वतः दुभाषी होऊ शकत नाही! पाहुण्यांसाठी भाषांतर करायला यातलं काही लागत नाही. काकूंना उभं करा, त्या माइक सोडणार नाहीत.

आणि 'कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला' हे सिनेमातलं वाक्य इथे कायद्यात नाही. आमच्या सासऱ्यांनी त्यासाठी घसा साफ करून ठेवला होता.

टोणगा

मंगलाष्टकांचा प्रश्न अजून लोंबकळतोय. मी माझ्या भावाच्या लग्नात (मेलबर्न, यारा नदीकाठ, एप्रिल, अर्थातच पाऊस) स्वतः रचून म्हटली होती. आठांपैकी एक इथे देतो. वृत्त शार्दूलविक्रीडित, चुका काढाल तर जेवायला बोलावणार नाही.

यारेच्या पुलिनी सुरम्य दिवशी, दोघे उभे साजरे
सेलिब्रंट हसे, हवा पण फिरे, छत्र्या धरा हो बरे
आजी पाहतसे पुण्यात बसुनी, नेटावरी सोहळा
आले चार ऋतू दिनात सगळे, कुर्यात् सदा मंगलम्

आठ कडवी म्हणजे चांगली सात-आठ मिनिटं जातात. सेलिब्रंटला आधी ऐकवा. आमची बिचारी पहिल्या 'सावधान'लाच पुढे आली, तिला वाटलं तिचं नाव घेतलं.

याज्ञिक_काका

'पुण्यात' मधला 'पु' लघु धरलात, खपून जाईल. बाकी चोख.

रानवारा

टोणगा, उरलेली सात द्या. आमच्या पुतणीचं आहे मे महिन्यात, 'यारेच्या' ऐवजी 'कृष्णेच्या' घालतो, मात्रा बसते.

टोणगा

'सेलिब्रंट' च्या जागी काय घालणार?

रानवारा

आमच्याकडे ती कविता वहिनी. तेवढं बघतो बसवून.

मुग्धा_मेलबर्न

बापरे, किती उत्तरं! सगळ्यांचे आभार. काल सेलिब्रंटशी बोलले आणि आईशीही, तर आतापर्यंत ठरलेलं सांगते.

पुणे डिसेंबर रद्द. मामांना वकिलीणबाईंचा पहिला परिच्छेद आणि कच्च्या लिंबाचं उत्तर दोन्ही पाठवलं. त्यांनी 'असं आहे होय' एवढंच लिहिलं, पण रुसलेत असं मामी म्हणाली. पुढच्या दिवाळीत पुण्यात पंगत आणि याज्ञिक काका मोकळे असतील तर पूजा.

बागेच्या करारात उघडी ज्योत नाही, समईही नाही. त्यामुळे होम आदल्या दिवशी आमच्या घरी. बागेत सात राशी, सात वाचणारे. यायिया सातवं वाचायला तयार आहे, फक्त ती विचारतेय की 'सखा' ला ग्रीकमध्ये नवऱ्याचा मित्र म्हणायचं की बायकोचा.

क्रम असा धरलाय: अंतरपाट आणि मंगलाष्टकं, पाकळ्या, मग सेलिब्रंटची वाक्यं आणि आमची शपथ दोन भाषांत, मंगळसूत्र आणि अंगठ्या, स्टेफाना, सप्तपदी, शेवटी सह्या. अडचण एकच. मुंडावळ्या बांधलेल्या असताना स्टेफाना डोक्यावर बसत नाहीत. काल आरशासमोर करून बघितलं, फीत मोत्यांत अडकते.

निशिगंधताई, आईला अंतरपाट धरायला दिलाय, दुसरं टोक त्याची आई धरणार. आई लगेच कापड आणायला निघाली. साक्षीदारही त्या दोघीच.

कोकणकन्या

मुंडावळ्या शपथेआधी सोडा. अंतरपाट खाली आला की त्यांचं काम तसंही झालं. सोडायला करवली ठेव, पिना तिच्याकडे.

नीरजा_लंडन

सह्या शेवटी ठेवू नकोस गं. सप्तपदीनंतर लोक उठतात, जेवणाकडे बघतात, आणि तुम्ही तिघं-चौघं टेबलाशी वाकून बसलेले. मधे घे, तेवढ्यात कोणाला तरी गाऊ दे.

पर्थचा_पोपट

समारंभानंतर हातात जे सुंदर छापील प्रमाणपत्र देतात ते भिंतीवर लावायला. नाव बदलायला, पासपोर्टला, ओसीआयला (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड) राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी विभागाचं प्रमाणपत्र लागतं. सेलिब्रंट चौदा दिवसांत कागद तिकडे पाठवते, प्रमाणपत्रासाठी अर्ज वेगळा करायचा. भारतात वापरायचं असेल तर त्यावर ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याची अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणूनचा शिक्का) घेऊन ठेव, दोन्ही देश त्या करारात आहेत. आणि त्याला भारताचं ओसीआय तुझ्यामुळे हवं असेल तर लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आत्ताच घाई नको.

अण्णा_सातारकर

मुग्धा, थेट प्रक्षेपण असेल तर दुवा इथे टाक. भारतात तेव्हा सकाळचे साडेदहा असतील, मी चहा घेऊन बसतो. आणि 'सखा' म्हणजे नवऱ्यानेच बायकोचा मित्र व्हायचं, असं यायियांना सांग.

ऑकलंडची_ऊर्मी

आमच्या मुलाचं न्यूझीलंडला आहे. तिकडेही सेलिब्रंटच, पण परवाना आधी काढावा लागतो, तो तीन महिने चालतो, असं कळलं. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

वरणभात

वेगळा काढा, तिथे मी पहिला प्रश्न विचारेन.